बाजाराच्या दिवशी हरवणारी ओळख

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. गडचिरोलीत मुलींच्या एका वसतिगृहाच्या मागल्या खोलीत माझी जागा. प्रवेशाचे अर्ज माझ्यावरच भरले जातात. मुलीने नाव आणि पासवर्ड दिला की मी तिची ओळख मनात धरून ठेवतो. या ओळखीला सेशन म्हणतात. ती असेतोवर पानामागून पान उघडतं; हरवली की सगळं पहिल्यापासून.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग गर्दी वाढली, शेजारी नवं यंत्र आलं, आणि ज्याच्यापुढे काम कमी त्याच्याकडे पुढचं पान जाऊ लागलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मुली अर्ज भरता भरता अर्ध्यातच बाहेर फेकल्या जायच्या. रोज नाही, बाजाराच्या दिवशी, गावोगावची माणसं एकदम उतरायची तेव्हा. संध्याकाळी आम्हा यंत्रांची देखभाल करणाऱ्या नीलिमाताई तपासायला बसल्या की सारं सुरळीत!

"म्हातारा इसरभोळा झाला," कारकून दिनेशभाऊ म्हणायचे. मी विसरत नव्हतो, मित्रांनो. पण सांगू कसं?

अर्जाच्या शेवटच्या दिवशी नेमका बाजार आला. बुधरीबाई लेकीला, मोनालीला, घेऊन आल्या. त्यांच्या गावची शाळा सातवीला संपते. इथे जागा नाही मिळाली तर शिक्षणही तिथेच संपणार. मोनाली पुन्हा पुन्हा बाहेर फेकली जात होती.

"पोरीनं किती खेपा नाव सांगावं? सोयरीक जुळवून राह्यला का हा?" बुधरीबाई कडाडल्या. सगळे हसले. मोनाली रडकुंडीला आली. पाच वाजता अर्ज बंद होणार होते.

दिनेशभाऊंचा हात माझ्या बटणावर आला. नीलिमाताई आज प्रथमच भर गर्दीत आमच्यासमोर बसल्या होत्या.

"थांबा भाऊ. नवीन बंद करा."

"नवीन? काऊन?"

"पोरगी याले नाव सांगते, अन् पुढचं पान त्याच्याकडं जाते. त्याले काय माहीत ही कोण? गर्दी नसली का सारं याच्याकडंच येते, म्हणून मले दिसत नव्हतं."

"मंग नवीन बिघडला म्हना!"

"दोघंई चांगले हायेत. एकमेकाले सांगतच नाईत."

शेजारचा नवीन थांबला. सगळा भार माझ्यावर आला. पंखा घरघरला, पानं सावकाश उघडली, पण मोनालीची ओळख मी सोडली नाही. 'अर्ज मिळाला' ही ओळ उमटली, तेव्हा बुधरीबाईंनी पडद्याला हात लावून पाहिला.

खरं सांगतो, त्याच्याऐवजी मला बंद केलं असतं तरी काम झालं असतं. आता ताईंनी आम्हा दोघांना एक सामायिक जागा करून दिली आहे. प्रत्येकीची ओळख तिथे राहते, दोघांनाही दिसते. मित्रांनो, कुणाला विसरभोळा ठरवण्याआधी एकदा भर गर्दीत त्याच्याजवळ येऊन बसा.

तरी बाजाराच्या दिवशी पहिली गाडी थांबल्याचा आवाज आला, की माझा पंखा अजून उगीचच जोरात फिरतो.