उसनं घोरणं

आरमारातल्या लोकांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत साखरेपासून शिडीपर्यंत सगळं उसनं मिळायचं. जहाज समुद्रावर गेलं की मग तर विचारूच नका. एकीचा नळ गळायला लागला की दुसरी पाना घेऊन यायची, तिसरी बादली घेऊन, आणि चौथी नुसतीच यायची, कारण तिला घरात करमत नसायचं. पण घोरणं उसनं द्यायची वेळ पहिल्यांदा आली ती चष्मेवालीमुळे.

चष्मेवाली म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची नवी नवरी. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, म्हणून इमारतीनं तिला हे नाव देऊन टाकलं. तिचा नवरा जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला, आणि घोरायचाही इंजिनासारखाच. आधी दोन-चार आचके, मग एकदा लय सापडली की थेट सकाळपर्यंत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं माहेरी फोन करून रडत विचारलं होतं, "आई, मुलाची एवढी चौकशी केलीत, ही एक गोष्ट कुणालाच कशी विचारावीशी वाटली नाही?"

आई म्हणाली, "होईल सवय."

आणि खरंच झाली. इतकी झाली की जहाज गेल्यावर घर शांत झालं आणि तिची झोपच उडाली.

तिनं उपाय करून पाहिले. पंखा मोठा करून झाला, रेडिओ चालू ठेवून झाला. मग नवऱ्याला निरोप धाडला, तुझं घोरणं रेकॉर्ड करून पाठव. जहाजावरून दोन-चार ओळी तेवढ्या यायच्या. त्यानं एकच पाठवली, "मी घोरत नाही." शेवटी तिनं मोबाइलवर शोधलं तर घोरण्याचं आयतं रेकॉर्डिंग मिळालं. थोडा वेळ ऐकलं आणि घाईघाईनं बंद केलं. "परक्या पुरुषाचं घोरणं आपल्या बेडरूममध्ये," ती नंतर सांगायची, "मला कसंतरीच झालं. उठून दाराची कडी बघून आले."

एके दिवशी दुकानात एक वयस्कर गिऱ्हाईक आलं. गृहस्थांनी मशीनवर हनुवटी टेकली आणि समोरची अक्षरं वाचायला सुरुवात केली. वरून खाली वाचून झालं, दुसऱ्या डोळ्यानं वाचून झालं, तरी पलीकडून काही सूचना येईना. म्हणून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरही वाचून दाखवलं. मग वाकून पाहिलं, तर चष्मेवाली मशीनला कपाळ टेकून गाढ झोपलेली. ते पाय न वाजवता मालकाकडे गेले आणि म्हणाले, "मला घाई नाही. पण तुमची मुलगी कधी उठेल तेवढं सांगा." मालकानं तिला घरी पाठवलं आणि बजावलं की झोप झाल्याशिवाय दुकानात पाऊल ठेवायचं नाही.

आता गंमत अशी, की तिच्या समोरच्याच दारात राहणाऱ्या शिट्टीबाईचेही डोळे तितकेच लाल होते.

शिट्टीबाई शाळेत खेळाची शिक्षिका. नवरा त्याच जहाजावर, रडारवर. तो घरी असला की त्याची आई आपल्या खोलीत झोपायची, पण तो समुद्रावर गेला की सुनेला सोबत म्हणून सासूबाई आपली उशी घेऊन सुनेच्या खोलीत यायच्या. सासूबाई म्हणजे मेट्रन. सगळी हयात मोठ्या रुग्णालयात काढलेल्या, आणि निवृत्त झाल्यावर सगळी इमारत हाच आपला वॉर्ड असं समजून चालणाऱ्या. मनानं प्रेमळ. पण घोरायला लागल्या की खिडकीच्या काचा थरथरायच्या. शिट्टीबाई रात्रभर जागी. एकदा कवायतीच्या वेळी तिनं मोठी जांभई दिली, मुलांना वाटलं हाच पुढचा व्यायाम, आणि अख्ख्या वर्गानं एका सुरात जांभई दिली. नेमके तेव्हा मुख्याध्यापक खिडकीत उभे होते.

ही दोन दुःखं एकत्र आणली ती बिनतारीनं. बिनतारी पहिल्या मजल्यावर राहायची, तिचा नवरा जहाजावरचा मुख्य आचारी. तिच्या कानावर पडलेली गोष्ट तारेशिवाय सगळीकडे पोचायची म्हणून हे नाव. तिनं दोघींना चहाला बोलावलं, दोघींचं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे एका घरात महापूर आणि समोरच्या घरात दुष्काळ. मध्ये काय, तर जिना! अगं, कालवा काढा की."

"पण वहिनी, आईंना सांगायचं कुणी?" शिट्टीबाई म्हणाली. "त्यांच्या मते त्या घोरतच नाहीत. 'माझी झोप सशाची, टाचणी पडली तरी मी जागी,' असं दिवसातून एकदा तरी ऐकवतात."

"घोरण्याचं नावच काढायचं नाही. सोबत हवी म्हणायचं."

त्याप्रमाणे चष्मेवाली मेट्रनसमोर जाऊन उभी राहिली. "काकू, मला घरात एकटीला भीती वाटते."

"कशाची?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. चष्मेवाली गडबडली आणि म्हणाली, "सगळ्याचीच."

मेट्रननं तिची नाडी बघितली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. "अशा केसेस मी पुष्कळ पाहिल्यात. औषध लागत नाही, माणूस लागतो. आजपासून येते मी." आणि त्या उशी, टॉर्च, थर्मामीटर असा सगळा सरंजाम घेऊन समोरच्या घरी दाखल झाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी चष्मेवालीचं दार उघडेना. बिनतारीनं धडाधड दार वाजवलं तेव्हा मेट्रन बाहेर आल्या, ओठांवर बोट ठेवून. "हळू! पोरगी अगदी गाढ झोपलीय. मी मात्र रात्रभर टक्क जागी होते हो." बोलताना त्यांच्या गालावर उशीच्या नक्षीतलं अख्खं फूल उठलेलं होतं. बिनतारीनं त्या फुलाकडे बघत मान डोलावली.

सगळं झकास चाललं. चष्मेवाली पुन्हा दुकानात जाऊ लागली, ते गृहस्थ एकदाचे नवीन चष्मा लावून घरी गेले. शिट्टीबाईचा चेहरा फुलला. ती गुणगुणायला लागली, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागली.

आणि तिथंच माशी शिंकली. कारण मेट्रनचे डोळे पेशंटचा रंग बघायला सरावलेले. सकाळी आंघोळीला त्या घरी यायच्या तेव्हा सून आरशासमोर गाणं म्हणत असायची. दूधवालाही एकदा म्हणून गेला, "ताई, हल्ली तब्येत चांगली सुधारली तुमची." मेट्रननं ते ऐकलं. त्या आत गेल्या आणि पलंगावर बॅग उघडून कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

शिट्टीबाई धावत आली. "आई, हे काय?"

"बहिणीकडे जाते मी. मी समोर झोपायला गेले काय आणि तू बाळसं धरलंस काय. मला दिसत नाही असं वाटलं तुला? मुलगा आला की सांग, आई अडचण नको म्हणून गेली."

शिट्टीबाई कात्रीत सापडली. आता खोटं बोलावं तर सासू घर सोडून जाणार, खरं बोलावं तर सासू बोलणंच सोडणार. तिनं डोळे मिटले आणि खरं बोलून टाकलं.

"आई, तुम्ही घोरता."

मेट्रनच्या हातातली घडी हातातच राहिली. "कोण?"

"तुम्ही. मला झोप लागत नव्हती. आणि समोरच्या पोरीला घोरण्याशिवाय झोप लागत नव्हती. म्हणून..."

"मी मेट्रन होते."

"मेट्रनही घोरतात, आई."

"मला घरातून काढायचं असेल तर सरळ काढ. पण असले आळ घेऊ नकोस!"

बॅग भरली नाही एवढंच. मेट्रननं समोर जाणंही थांबवलं आणि सुनेशी बोलणंही. त्या आपल्या खोलीत दार घट्ट लावून झोपू लागल्या. चष्मेवालीचे डोळे पुन्हा लाल झाले, आणि शिट्टीबाईला आता सुखाची झोप मिळायला हवी होती, तर ती जीव टांगणीला लागल्यामुळे लागेना.

तेवढ्यात जहाज परतीच्या वाटेवर असल्याची बातमी आली. स्वागताचं मोठं कापड रंगवायला सगळ्या बायका दुपारी जेवणं आटोपून बिनतारीच्या घरी जमल्या. रागावलेल्या असल्या तरी मेट्रनही आल्या, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांचा इमारतीत कुणावरच विश्वास नव्हता. त्यांना आरामखुर्ची दिली. त्यांच्या पायाशी चष्मेवाली ब्रश घेऊन बसली. तिनं "स्वा" काढला.

पोटभर जेवण, आरामखुर्ची, डोक्यावर पंखा. मेट्रनची मान हळूच कलली. आधी एक बारीक शिट्टी आली. शिट्टीबाईनं चटकन तिकडे बघितलं. मग खोलीत जणू कुणीतरी जड कपाट ओढायला लागलं.

चष्मेवालीचा ब्रश जागच्या जागी थांबला. तिचे डोळे मिटले. मग ती हळूहळू, अगदी हळूहळू बाजूला कलली आणि तिनं मेट्रनच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. हातातला ब्रश "स्वा"पासून निघून कापडाच्या पार टोकापर्यंत एक लांबलचक निळी रेघ ओढत गेला. बायकांनी तोंडात पदर, रुमाल, जे हाताला आलं ते कोंबलं. बिनतारीनं मात्र मोबाइल काढला.

"कोण हसलं?" मेट्रन खडबडून जाग्या झाल्या. "मी जागी आहे."

बिनतारीनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. मेट्रननं डोळे बारीक करून, पेशंटची छाती ऐकावी तसं ऐकलं.

"हा कोण पेशंट?"

"तुम्ही."

त्यांनी पुन्हा एकदा ऐकलं.

"फुप्फुसं उत्तम आहेत," त्या अखेर म्हणाल्या. आणि जरा थांबून, "आवाज थोडा जास्त आहे."

मग मात्र हसण्याचा असा स्फोट झाला की सांगता सोय नाही. मेट्रननं गुडघ्यावरच्या डोक्याकडे बोट दाखवून सगळ्यांना दटावलं. "चूप! पोरगी उठेल!" पाय बधिर झाला तरी संध्याकाळपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

घरी जाताना जिन्यात, सुनेच्या खांद्याचा आधार घेत, त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ह्यांनी बोलू दिलं नाही."

"त्याला काय अडचण?"

शिट्टीबाई जरा घुटमळली. "ते म्हणाले, बाबा गेल्यावर आई कित्येक महिने रात्ररात्र खिडकीत बसून असायची. मग एक दिवस तिच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं, तेव्हा मी दाराबाहेर उभा राहून रडलो. तिला कुणी काही बोलायचं नाही."

मेट्रन एक पायरी चढल्या आणि थांबल्या. "मला कधी बोलला नाही," त्या म्हणाल्या. "वेडा कुठला." आणि चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ पुसतच राहिल्या.

त्या आठवड्यात आणखी एक निरोप आला. वादळामुळे जहाज वाट बदलून येणार, उशीर होणार. किती, ते सांगता येत नाही. वादळ म्हटल्यावर कुणाचा धीर सुटला, कुणी नुसतीच भांडी घासत राहिली. पण मेट्रननं वेळ दवडला नाही. समोरच्या घरात त्यांनी ओळीनं गाद्या घालायला लावल्या आणि जिला एकटं राहवत नाही तिनं इथं यावं असं जाहीर केलं. "मी घोरते. आधीच सांगते. नंतर तक्रार चालणार नाही." निम्मी इमारत आली. काहीजणींनी कापूस आणला, शिट्टीबाईनं तर पोहण्याच्या तलावावरचे कानातले बोळे आणले, पण परत कुणी गेलं नाही. वादळाच्या बातम्या सांगत बसायला बिनतारीला त्या घरात मनाई होती. तिनं ती पाळली, म्हणजे निदान प्रयत्न केला.

शेवटी जहाज आलं. धक्क्यावर कापड फडकत होतं. निळ्या रेघेच्या टोकाला बायकांनी एक जहाज काढलं होतं आणि उरलेली अक्षरं कशीबशी खाली बसवली होती. एक अधिकारी ते बघून म्हणाले, "लाटेची कल्पना सुरेख आहे." चष्मेवालीनं नम्रपणे मान झुकवली. रडारवाला शिडीवरून उतरला तसं मेट्रननं त्याला मिठी मारण्याआधी पाठीत एक धपाटा घातला. त्याला कारण कळेना. त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "घरी सांगते."

आणि चष्मेवालीचं काय झालं? तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिचा नवरा दोघंही डोळे चोळत जिन्यात आले. महिनोन्‌महिने इंजिनाशेजारी झोपलेला तो, त्याला घरच्या शांततेत झोपच लागली नव्हती. तो झोपला नाही म्हणून घोरला नाही, आणि तो घोरला नाही म्हणून ती झोपली नाही. दोघं उजाडेपर्यंत गप्पा मारत बसले होते.

"काकू, काहीतरी उपाय सांगा," चष्मेवाली म्हणाली.

मेट्रननं दोघांचे लाल डोळे बघितले. "इतक्या महिन्यांनी भेटलात. झोप नाही झाली म्हणून मेट्रनला विचारतात होय? जा, चहा घ्या."

चष्मेवाली कामावर गेली, नवरा घरीच राहिला. दुपारी मेट्रन जरा पडल्या होत्या, तर सगळी इमारत हादरायला लागली. त्या रागानं उठल्या, दार उघडलं आणि जिन्यात आल्या. "भरदुपारी कोण भिंत फोडतंय? माणसांनी झोपायचं की नाही?"

शाळेतून नुकतीच आलेली शिट्टीबाई समोरच्या बंद दाराकडे बघत पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मेट्रननं कान देऊन ऐकलं, एकदा सुनेकडे बघितलं, आणि त्याही तिच्या शेजारी पायरीवर बसून, तोंडाला हात लावून हसू लागल्या.