खडकमामांची बारावी जागा

वरच्या आळीत पाणी नव्हतं, पाणाड्या मात्र होता. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्या या माणसाने उभ्या आयुष्यात अकरा जागा दाखवल्या, अकराही ठिकाणी पुरुषभर खोल खड्डे खणले गेले आणि अकराही ठिकाणी खाली खडक लागला. लोकांनी त्यांचं नाव खडकमामा ठेवलं. ते इतकं पक्कं बसलं की खरं नाव विचारलं तर खुद्द मामांनाही जरा आठवावं लागायचं.

त्यांची पद्धत साधी होती. जमिनीवर पालथं पडायचं, कान लावायचा आणि ऐकायचं. पुष्कळदा ऐकता ऐकता डोळा लागायचा. सगळे भोवती ताटकळत उभे आणि मामा आपले घोरतायत. जाग आली की कपडे झटकून ठामपणे म्हणायचे, "इथेच. मी आवाज ऐकला." तो आवाज कसला होता हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण माणूस असा लाघवी की कोणाच्याने नाही म्हणवत नसे. आणि खड्डे काही अगदीच वाया गेले नाहीत. एकात शेळ्यांचं खत मुरायचं, एकात कोणी कोंबड्या ठेवल्या, एकात पोरं लपाछपी खेळायची.

अकराही खड्डे गवंडीकाकांनी खणले होते. ते मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि मामांची टर उडवण्यात गावात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

या सगळ्याची झळ लागायची ती मामांच्या लेकीला. ती आसपासच्या गावांतले हापसे दुरुस्त करायची. खांद्याला पान्यांची पिशवी, खिशात चामडी वायसर, आणि जाईल तिथे एकच विनोद: बापाला सापडत नाही म्हणून लेक लोकांचं पाणी उपसत फिरते. ती चारचौघांत हसून घ्यायची, घरी आली की पिशवी जरा जोरात आपटायची. बापावर तिचा जीव होता, म्हणून जास्तच लागायचं.

आई मात्र कधी हसलीही नाही आणि रागावलीही नाही. लग्नाच्या दिवशी मामांनी तिला सांगितलं होतं, "वर्षाच्या आत दारात पाणी आणून देतो." त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून ती खालच्या विहिरीवरून दीडशे पायऱ्या चढून रोज दोन घागरी आणत होती. लेकीने आणून द्यायचं ठरवलं, तर म्हणाली, "तू लोकांचं बघ, माझी घागर मी बघते."

मामांनी अंथरूण धरलं तेव्हा एके दिवशी लेकीला जवळ बोलावलं.

"बारावी जागा ठरवलीय मी."

"बाबा, आता पुरे झालं."

"अगं, पाण्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी गेलो की परसातल्या मोठ्या दगडापाशी मला पुरा. ठणठणीत कोरडी जागा आहे. सांधे आधीच धरलेत माझे, ओल नको बाई आता."

त्या दगडापाशी ते वर्षानुवर्षं दुपारी चटई टाकून पडायचे. आई घरातून हाका मारून दमायची, पण मामा उठायचे नाहीत. लेकीने शब्द दिला.

पुढच्याच आठवड्यात, सकाळचा चहा पिऊन आणि गवंडीकाकांची चालण्यावरून यथेच्छ थट्टा करून मामा गेले. सगळी वरची आळी गोळा झाली. काका कुदळ-फावडं घेऊन परसात गेले. लेक आईच्या शेजारी बसून राहिली. तिचं एकच मागणं होतं, की आजचा एक दिवस तरी तिच्या बापाला कोणी हसू नये.

तासाभराने परसातून हसण्याचा आवाज आला. एकाचा नाही, पाच-सहा जणांचा. लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तरातरा उठून मागे गेली.

गवंडीकाका कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते, आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात. अंगभर चिखल, पोट धरून हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"बघ पोरी, तुझा बाप बघ. ठणठणीत कोरडी म्हणाला होता ना? जाता जाता हेही चुकला."

लेक खाली वाकली. दोन दगडांच्या फटीतून स्वच्छ पाणी येत होतं. तिने बादली मागवली, काकांना उपसायला लावलं, दहा बादल्या झाल्या आणि पाणी पुन्हा होतं तिथे आलं. हापशांत जन्म गेलेल्या त्या बाईला याचा अर्थ कोणी सांगायला नको होता. हा झरा आटणारा नव्हता. ती आधी रडली, मग हसली, मग काय करतेय ते तिचं तिलाच कळेना.

आई दाराशी आली तसे सगळे बाजूला सरले. तिने खड्ड्यात पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मग आता यांना ठेवायचं कुठे?"

काकांनी नाक पुसलं.

"वहिनी, खात्रीच्या कोरड्या जागा अकरा आहेत गावात. त्यानेच शोधून ठेवल्यात."

आणि आई हसली. एक्केचाळीस वर्षांत जे हसू आवरून ठेवलं होतं, ते सगळं बाहेर आलं. मग मात्र कोणीच थांबेना.

मामांना त्यांच्या पहिल्या खड्ड्यात ठेवलं. तो उताराखाली, पाण्यापासून चांगला लांब होता, आणि ते अंतर लेकीने स्वतः पायांनी मोजून घेतलं. लग्नाच्या वर्षी खणलेला तो खड्डा आईने कोणाला बुजवूही दिला नव्हता नि वापरूही दिला नव्हता.

काकांनी परसातला खड्डा खोल करून दगडांनी बांधून काढला आणि पंधरा दिवसांत लेकीने त्यावर हापसा बसवला. नव्या हापशाने पाणी धरावं म्हणून आधी वरून थोडं पाणी ओतावं लागतं. ते आईने ओतलं, त्या सकाळी खालून चढवून आणलेल्या घागरीतलं. लेकीने दांडा दाबला. चार-पाच वेळा नुसतंच करकरलं, मग भसाभसा पाणी आलं.

आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. नऊ पावलं भरली.

"आई, बाबांना माहीत होतं का गं?"

"त्यांना? छे. गार लागतं म्हणून रोज इथेच पडायचे. तीस वर्षं माणूस पाण्यावर झोपला, आणि स्वतःच्या घोरण्यापायी त्याला ऐकू आलं नाही."

तिने घागर भरली, आत नेऊन ओतली आणि रिकामी घेऊन पुन्हा आली. घरातली सगळी भांडी भरली, शेजाऱ्यांचीही भरली, तरी तिच्या खेपा चालूच होत्या. लेक दांडा मारत राहिली.