शेवटच्या रांगेला दिसणारा बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. धनुष्यबिनुष्य माझ्याकडे काही नाही. तुम्ही माउस हलवता तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर जो एवढासा तिरका बाण धावतो ना, तोच मी. माउसला सगळे ओळखतात. त्याला दुकानातून हौसेने आणतात, त्याच्या खाली मऊ गादी घालतात. मला कुणी नाव विचारत नाही. फाइल उघडायची तर तिथवर धावायचं मी, खिडकी बंद करायची तर कोपरा गाठायचा मी, आणि शाबासकी मात्र त्या माउसला.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. कुणीतरी चौकोनी ठिपके शेजारीशेजारी मांडून मला रेखलं. अंग पांढरं ठेवलं आणि कडेने केसाएवढी काळी रेघ ओढली. तेव्हाचे पडदे लहान होते, त्यावर मी चांगला उठून दिसायचो. पुढे पडदे वाढत गेले आणि मी होतो तेवढाच राहिलो. मोठ्या मैदानात लहान पोराला सोडून द्यावं तशी माझी गत झाली.

मी ज्या कॉम्प्युटरवर राहतो तो जयपूरच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये आहे. क्वार्टर गौतमीचं. ती रेल्वेच्या ऑफिसात कारकून आहे आणि बदली होऊन इथे आली. तिच्याबरोबर तिचे आईवडीलही बडनेऱ्याहून आले. आई विमलबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वडील बळवंतराव इंजिन चालवायचे, अगदी मेल-एक्सप्रेससुद्धा. एका वर्षी डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले आणि इंजिनावरून उतरून ऑफिसच्या टेबलावर बसले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी तिथेच काढली. त्या दिवसाबद्दल ते घरात कधी बोलत नाहीत.

विमलबाईंना रिकामं बसवेना. वसाहतीतली मराठी मुलं घरात "मम्मी, मला भूक लगी" असं बोलताना त्यांनी ऐकलं आणि दर रविवारी सकाळी समाजाच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग सुरू केला. पाठ्यपुस्तक नव्हतं. पाठ त्या स्वतः रचायच्या आणि कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. गौतमी कॉम्प्युटर हॉलमध्ये नेऊन प्रोजेक्टरने पांढऱ्या भिंतीवर ते पाठ मोठे करून दाखवायची. आणि शब्दांखालून सरकत मुलांना वाचायला लावण्याचं काम कुणाचं? माझं. मित्रांनो, मला इतकी प्रतिष्ठा आयुष्यात कधी मिळाली नव्हती. ज्या शब्दाखाली मी उभा, तो शब्द सगळ्या हॉलने म्हणायचा.

म्हणजे म्हणायला हवा होता. मी कुणाला दिसलो तर ना.

त्याचं असं झालं. आदल्या बुद्धपौर्णिमेला वसाहतीतल्या सगळ्या कुटुंबांचा फोटो काढला होता. त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालतात. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, मुलंसुद्धा पांढरीशुभ्र. विमलबाईंना तो फोटो इतका आवडला, की त्यांनी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर कायमचा लावून टाकला. आता सांगा, पांढऱ्या साड्यांच्या त्या गर्दीत पांढऱ्या बाणाने करायचं काय? पाठ शोधायला निघालेला मी कुणाच्या तरी पदरात जाऊन हरवायचो. पाठ उघडला तर त्याचं पानही पांढरंच. वर अक्षरांवर पोचलो की माझी बारीक उभी रेघ होऊन जायची. विमलबाई चष्मा पुढेमागे करत माउस जोरजोरात घुमवायच्या. पहिल्या रांगेतली कस्तुरी, दहा वर्षांची चुणचुणीत मुलगी, वाचता वाचता थांबायची आणि म्हणायची, "आजी, बाण किधर गेला?" मग बाकीची मुलं हसायची आणि वाचन तिथेच मोडायचं.

मला फार लाज वाटायची. मी तिथेच असायचो, हाक मारल्यासारखा हलायचो, आणि तरी कुणाला दिसायचो नाही.

दोष मात्र कुणी मला दिला नाही. गौतमीने जवळच्या सोडाला बाजारातल्या दुकानातून नवा माउस आणला, मग आणखी एक आणला. दुकानदार भैयाने पडदाच बदला म्हणून सांगितलं. कस्तुरीचे वडील योगेश वसाहतीच्या मंडळाचं काम पाहायचे. त्यांनी अदबीने सांगितलं की रविवारची सकाळ अबॅकसच्या वर्गाला हवी आहे, मुलांचे पालक मागे लागलेत. मराठी वाचन पुढे सरकत नाही असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तरी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात मुलं सगळ्यांसमोर वाचून दाखवू देत, मग ठरवू. बोलणं गोड होतं, पण अर्थ सरळ होता. मुलं त्या दिवशी अडखळली की वर्ग बंद.

विमलबाई घरी येऊन पिशवी न ठेवताच खुर्चीत टेकल्या. बळवंतरावांनी त्यांना पाणी दिलं आणि आपल्या मताप्रमाणे समजूत घातली.

"डोळ्यानं दिसत नसन तं माणसानं खुर्ची सोडून द्यावी, विमल. मी नाही सोडली का?"

विमलबाईंनी पेला खाली ठेवला. त्या एरवी नवऱ्याला उलट बोलणाऱ्यांतल्या नाहीत, पण संसारभर त्यांनी रेल्वेच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या आणि त्यांतली एकही विसरल्या नव्हत्या.

"अहो, सिग्नल दिसत नाही असं डायवरनं लिहून देल्लं, तं रेल्वे आधी काय करत होती?"

"कमिटी पाठवत होती," बळवंतराव म्हणाले. "इंजिनात बसून पाहाले."

"मंग?"

"मंग काय. फांदी आड येत असन तं फांदी तोडा, खांब चुकला असन तं खांब हलवा."

"मंग माह्या बाणाची कमिटी कधी आली? डायरेक डायवरलेच घरी बसवता?"

बळवंतरावांनी पेला उचलून आत नेला. मी फोटोतल्या एका पांढऱ्या पदरावर उभा राहून कान देऊन ऐकत होतो. इतक्या वर्षांत माझी बाजू घेऊन कुणी बोललं, ते हेच पहिल्यांदा. आनंदाने मला ओरडावंसं वाटलं, पण बाणाला तोंड नसतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कमिटी भरली. कमिटीत एकच माणूस, बळवंतराव. विमलबाईंनी त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. ते कुरकुरले. इंजिनावरून डोळ्यांसाठी उतरवलेल्या माणसाला परत डोळ्यांच्या कामाला कशाला लावता, म्हणाले. त्यावर विमलबाईंनी जे उत्तर दिलं, ते ऐकून त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"म्हनूनच तं तुम्ही. तुमच्या डोळ्याले दिसला म्हंजे अख्ख्या हॉलले दिसला."

मग गौतमीने कॉम्प्युटरची सेटिंग्ज उघडली आणि माझी जागा शोधून काढली. मित्रांनो, तिथे एक पट्टी होती. ती सरकवली की मी वाढतो. ही पट्टी आमच्या घरात पहिल्या दिवसापासून होती आणि कुणी तिकडे फिरकलंही नव्हतं. गौतमी पट्टी सरकवत गेली आणि मी फुगत गेलो. मागून बळवंतराव इंजिनाच्या खिडकीतून बघावं तसे डोळे बारीक करून पाहत होते. नाही. नाही. अजून नाही. आता हलतंय काहीतरी, पण ठरत नाही.

मोठा झालो तरी मी पांढराच होतो. रंगाची पाळी आली. बळवंतरावांनी लगेच लाल सुचवला. विमलबाईंनी तो साफ नाकारला, कारण रेल्वेवाल्यांची पोरं लाल बघून वाचायची थांबतील. हिरवा लावला, तर तो भिंतीवर फिकट पडला. पिवळा पांढऱ्यात विरूनच गेला. मग विमलबाईंनी गौतमीला बाजूला सारलं, माउस स्वतःच्या हातात घेतला आणि निळा निवडला. गडद निळा, चौदा एप्रिलला साऱ्या वसाहतीत फडकतो तसा.

मी माझ्याकडे पाहिलं. मी निळा, रुंद खांद्यांचा, आणि माझ्यामागे तो साड्यांचा पांढराशुभ्र फोटो. ज्या फोटोत मी रोज हरवत होतो, त्याच फोटोवर मी आता ऐटीत उभा होतो.

"दिसला," शेवटच्या रांगेतून आवाज आला. इंजिनावर दोन माणसं एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात, तसाच खणखणीत. विमलबाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

गौतमीने आणखी दोन कामं केली. सगळे पाठ चित्रं करून ठेवले, म्हणजे अक्षरांवर गेलो तरी मी बाणच राहतो, रेघ होत नाही. आणि एक सोय चालू केली: कंट्रोलचं बटण दाबून सोडलं, की माझ्याभोवती गोल उमटून मिटत येतो आणि मी कुठे आहे ते दाखवतो. विमलबाईंनी त्या बटणावर लाल टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला ती जागा चुकायची नाही.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी हॉल भरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, खिरीचा वास दरवळत होता. मग मुलं उभी राहिली आणि भिंतीवर पाठ उघडला. पाठ मोराचा होता. एक मोर वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसतो, टाकी रिकामी बघून खट्टू होतो आणि शेवटी विमलबाईंच्या माठाजवळ येतो, अशी गोष्ट. मुलं आळीपाळीने वाचत गेली. मी शब्दाशब्दाखालून चाललो होतो, न अडखळता. हरवलेल्या बाणाचा माग काढायला कुणाची मान वळली नाही.

कस्तुरीची पाळी आली आणि उशिरा आलेल्या कुणीतरी दार सताड उघडलं. जयपूरचं मे महिन्याचं ऊन थेट भिंतीवर आदळलं. अक्षरं फिकट झाली. कस्तुरी थांबली. तिने घाबरून भिंतीकडे पाहिलं, मग योगेशकडे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. विमलबाईंचा चष्मा उन्हाने चमकत होता, त्यांनाही काही दिसत नसणार. पण त्यांच्या बोटाने टिकली शोधली. बटण दाबलं आणि सोडलं.

माझ्याभोवती गोल उमटला, मिटत मिटत माझ्यापाशी आला. मी होतो तिथेच होतो, "टाकी" या शब्दाखाली, निळा आणि ठाम.

"दिसला," शेवटच्या रांगेतून बळवंतराव म्हणाले.

"दिसला," कस्तुरी म्हणाली आणि पुढे वाचू लागली. "टाकी रिकामी होती. मोर म्हणाला, आज माझी आंघोळ राहिली." हॉल हसला, पण या वेळी गोष्टीला हसला. तिने शेवटपर्यंत वाचलं, "माठाजवळचं पाणी गार होतं" यातला ळ-वाला "माठाजवळचं" शब्दही नीट म्हणून. तिची आई टाळ्या वाजवत उभी राहिली आणि मग सगळेच उभे राहिले.

योगेश विमलबाईंजवळ आले, जय भीम म्हणाले, आणि अबॅकसला शनिवारची संध्याकाळ देतो असं म्हणाले. रविवार तुमचाच, काकू. एवढंच बोलून ते खीर वाढायला गेले.

मित्रांनो, त्यानंतर मी परत कधी लहान झालो नाही. आता दुपारी विमलबाई वामकुक्षी घेतात तेव्हा बळवंतराव खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतात. डोळे अधू झाल्यापासून पडद्याकडे न फिरकलेला हा माणूस नकाशा उघडतो आणि मला धरून बडनेऱ्यापर्यंत रुळांवरून नेतो. स्टेशन आलं की नाव मोठ्याने म्हणतो. मी त्यांचं इंजिन झालोय, आणि याचा मला माझ्या साऱ्या कामांहून जास्त अभिमान आहे.

तुमच्याही घरी कुणीतरी माउस घुमवत "कुठे गेला मेला" असं पुटपुटत असेल. त्यांना हसू नका, आणि त्यांच्या डोळ्यांना बोल लावू नका. त्यांना लांबच्या खुर्चीत बसवा, ती पट्टी शोधा, मला वाढवा, रंग द्या. आणि शेवटच्या रांगेतून "दिसला" असा आवाज येईपर्यंत थांबू नका.