परवान्यातलं दुसरं नाव

पंचशीला वारली त्याच दिवशी कंपनी बंद पडली. सटवाजीने मात्र ही बातमी कंपनीला अजून कळवली नव्हती, म्हणून कंपनी चाकूरच्या शाळेसमोर पडदा बांधत होती.

“सटवाजी, तिसरं रीळ लावा. पाऊसवालं,” सरपंच हणमंतराव म्हणाले.

“पाटील, पिच्चरला सुरुवात असती.”

“सुरुवात ठावं हाय आमाला. ऊनच असतंय.”

‘पंचशीला परदेशी चित्र वितरण, लातूर’ म्हणजे एक खोली, एक प्रोजेक्टर, कुठल्याच थिएटरला नको असलेले चार परदेशी सिनेमे आणि नवरा-बायको. चित्राखाली इंग्रजी अक्षरं यायची. पुरुषांचं बोलणं पंचशीलाने वहीत मराठीत लिहून दिलेलं. ते सटवाजी माइकवर वाचायचा. बायकांचं ती स्वतः बोलायची. ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

सकाळी तो नव्या जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आला होता. जिल्हा नवा झाल्यामुळे जुन्या जिल्ह्याचा परवाना बदलून घ्यायचा होता. ‘आवाज देणारे इसम’ या रकान्यात दोन नावं होती.

“बाई मयत झाल्या न्हवं?” कारकून विरूपाक्षअप्पा हळूच म्हणाले. “मग खोडा ते नाव, शिक्का मारून देतो. सोमवारपर्यंत न्हाई दिलंत तर खेळ बंद बघा.”

सटवाजीने पेन उघडलं, परत टोपण लावलं आणि चाकूरची एसटी धरली.

पडद्यावर पाऊस सुरू झाला. रोजगार हमीवर दिवसभर खडी फोडून आलेली माणसं पुढे सरकली. एकीने पडद्याखाली घागर ठेवली. गंमत म्हणूनच ठेवली, पण मग उचलली नाही.

सिनेमातला माणूस घर सोडून निघाला. दारातल्या बाईने तोंड उघडलं. खाली दोनच शब्द आले. त्या दोन शब्दांच्या जागी पंचशीला म्हणायची, “भिजशील रे. भाकर खाऊन जा, तवर उघडंल.”

“दोनच शब्द हायत की खाली,” सटवाजीने एकदा मोजून विचारलं होतं.

“बाकीचे बारीक अक्षरात हायत,” ती म्हणाली होती. हे त्याने आठ वर्षं खरं मानलं.

आज तो माइकपासून बाजूला झाला. जनरेटर तेवढा बोलत राहिला.

“भिजशील रं लेकरा!” पुढच्या रांगेतून नागुबाई ओरडली. “भाकर खाऊन जा, तवर उघडंल!”

मग मागून सगळ्यांनीच म्हटलं, कुणी आधी, कुणी नंतर. सिनेमातल्या माणसाने ऐकलं नाही. तो दरवर्षी उपाशीच जातो.

रीळ संपल्यावर सटवाजी रिळाच्या डब्यावर बसला आणि प्रोजेक्टरच्या उजेडात त्याने लिहायला घेतलं.

“मा. जिल्हाधिकारी साहेब यांचे सेवेशी. अर्जदार सटवाजी सोनकांबळे. विनंतीपूर्वक अर्ज करतो की, कालकथित पंचशीला सोनकांबळे या मयत असल्या तरी त्यांचा आवाज आज रोजी मौजे चाकूर येथे चालू असल्याचे दिसून आले. पंचनाम्यास सर्व गाव तयार आहे. सबब त्यांचे नाव परवान्यातून कमी न करता, त्यांना पुढील तीन वर्षे जिल्ह्याच्या हद्दीत बोलण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.”