उजव्या कानावरचे केस

“घरात आणखी कुणाला आहे कानापुढे असं छिद्र?” डॉक्टरांनी विचारलं, आणि सासूबाईंनी लगेच सुनेकडे बोट दाखवलं.

“हिला! हिच्याच पायगुणानं शिरलं हे घरात.”

नणंदेची पोर आईला बिलगून खुर्चीत मुसमुसत होती. तिच्या कानापुढे बोराएवढी लाल गाठ आली होती. डॉक्टर हसले. “आजी, मामीचं भाचीला कसं येईल? हे जन्मतःच असतं, पुष्कळदा रक्ताच्या नात्यात उतरतं. कातडीखाली बारीक नळी असते, ती पिकलीय. आज सुईनं पू काढू, औषध देऊ. सूज पूर्ण उतरली की ऑपरेशन करून नळी मुळासकट काढू. तुकडा राहिला तर पुन्हा भरते.”

हे सुनेला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी तिची नळी अर्धवटच निघाली होती, आणि लग्नानंतर पुन्हा पू वाहू लागला होता. तेव्हापासून सासूबाईंनी तिचं नाव पाडलं, ‘गळकी’. आल्यागेल्यासमोर गळकी. तिला मूल होणार नाही हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “बरंच झालं. नाहीतर घरभर गळके कान झाले असते.” ते वाक्य तिनं गिळलं, पण पचवलं नाही.

पुढे सासूबाईंचा खांदा धरला. हात वर जाईना, म्हणून रोज संध्याकाळी त्यांची वेणी सून घालू लागली. “उजवा कान झाकून घाल गं, वारा लागतो,” त्या बजावायच्या. एकदा फणी सरकली आणि तिला दिसलं. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र! तिनं कान झाकूनच वेणी घातली. असलं हत्यार घाईत वाया घालवायचं नसतं.

“आमच्या रक्तात नाही हो असलं काही,” सासूबाई आता ठणकावून म्हणाल्या.

सून उठली. “आई, जरा मान वळवा,” म्हणत तिनं त्यांच्या उजव्या कानावरचे केस वर धरले. डॉक्टरांना दिसेपर्यंत, नणंदेला दिसेपर्यंत धरले. तिला इतकं गोड वाटत होतं की हात सोडवेना.

“आजी, तुला पण?” पोर रडायची थांबली.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “माझ्या सासूला मरेपर्यंत कळू दिलं नाही मी,” त्या पुटपुटल्या.

“मला कळलं होतं, आई. मी गप्प बसले,” सून म्हणाली. “तुम्हाला नाही बसता आलं.”

संध्याकाळी ती सवयीनं फणी घेऊन बसली. सासूबाई आल्या नाहीत. आत डोकावली तर त्या आरशापुढे, दातओठ खात, दुखरा हात वर नेत होत्या. वेणी वाकडी झाली होती, कान उघडाच होता.

“द्या इकडे.”

“हात लावू नकोस मला.”

सुनेला पश्चात्ताप झाला नाही. फक्त हातांना काय काम द्यावं ते कळेना. दारातच उभी राहून ती फणीत अडकलेले कालचे पांढरे केस एकेक करून काढत राहिली.