दोघांची पेटी, एकाचा फेटा

मी एक जुनी पायपेटी आहे. खरे सांगायचे तर वरची अर्धीच. पट्ट्या आणि सूर माझ्याकडे राहिले. भाता आणि पायाने दाबायच्या दोन फळ्या भिंतीपलीकडे गेल्या.

मित्रांनो, वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालत होता आणि मोठे साहेब नागपूरहून येत, त्या काळची ही गोष्ट. खामगावात एक नाटक कंपनी मोडली. डोणगावचा कडूबा माळी वांगी विकायला गेला होता, तो मला बैलगाडीत घालून घेऊन आला. घरी दोन नातू होते, इंद्रभान आणि मोतीराम. दोघे चुलतभाऊ. भांडण नको म्हणून कडूबाने दोघांना एकाच बाकावर बसवले. खालचे सूर इंद्रभानचे, वरचे मोतीरामचे. एक फळी याच्या पायाखाली, दुसरी त्याच्या. एकाने पाय उचलला की माझा आवाज बसायचा. म्हणून ते एकमेकांचा श्वाससुद्धा ओळखू लागले.

पुढे डोणगावच्या जोडीचे नाव झाले. साखरखेर्ड्याच्या बाजारात लोक गाड्यांवर चढून आम्हाला ऐकायचे. त्यांच्या चार हातांखाली मी इतकी सुखात होते की कंपनीचे दिवस विसरून गेले.

मग मेहकरला रामराव जहागीरदारांच्या घरचे लग्न आले. आम्ही वाजवले आणि मांडव डोलला. रामराव खूश झाले, त्यांनी जरीचा फेटा मागवला. फेटा एकच होता. इंद्रभान थोरला, म्हणून त्याला बांधला. मोतीरामच्या हातात नारळ दिला. इंद्रभानने तो फेटा परतीच्या वाटेवरही उतरवला नाही. डोणगाव दिसू लागल्यावर मोतीराम पहिल्यांदा बोलला.

"फेटा तुले बांधला, पन पाय माहा बी चालत होता."

"मी काय मांगून घेतला का बे?" इंद्रभान म्हणाला.

एवढेच बोलणे झाले. फेटा काढून मोतीरामच्या डोक्यावर ठेवायला कितीसा वेळ लागला असता? मला अजून त्याचाच राग येतो.

कडूबा गेल्यावर वाटणी निघाली. मळा वाटला, बैल वाटले, घरात भिंत घालायचे ठरले. पेटी मात्र कुणी सोडेना. दुसऱ्याने ती एकट्याने वाजवली तर, ही दोघांची भीती. पंच निवृत्तीबुवांनी निवाडा दिला, "दोघायले सारखं भेटलं पाह्यजे." सुताराला बोलावणे गेले. तेव्हा मोतीरामची बायको रुखमाबाई दाराआडून म्हणाली, "बुवा, पेटी हाय ते, जवारीची रास नाई. कापली त वाजन का?"

वाटणीत बायकांनी बोलू नये, असे तिला सांगण्यात आले. सुताराने करवत लावली. दोन्ही भाऊ जवळ उभे राहून कापणी सारखी होते की नाही, तेवढे पाहत होते.

मी इंद्रभानच्या माळ्यावर चुलीचा धूर खात पडले. माझ्या खालच्या अर्ध्यात मोतीरामने कांद्याचे बी ठेवले. जोडीला आमंत्रणे येत राहिली, मग ती थांबली.

बऱ्याच वर्षांनी इंद्रभानच्या मुलीचे लग्न ठरले. व्याह्यांनी हट्ट धरला की जुनी जोडी वाजलीच पाहिजे. मला माळ्यावरून उतरवले. मोतीराम स्वतः खालचा भाग उचलून घेऊन आला. दोघांनी मला जुळवले, दोऱ्या बांधल्या आणि एका बाकावर बसले. मला वाटले, आता सगळे विसरतील. दोघांनी एकदम पाय दाबले. फळ्या धपधप वाजल्या, सूर एकही निघाला नाही. भात्याचे कातडे उंदरांनी खाल्ले होते आणि माझ्या पट्ट्या काजळीने घट्ट बसल्या होत्या.

"तुनं भाता जपला नाई," इंद्रभान म्हणाला.

"तुनं सूर जपले का?" मोतीरामने विचारले.

तो आपला अर्धा भाग उचलून घरी गेला. मुलीच्या अक्षतांनाही आला नाही.

मित्रांनो, वाद्ये पुसा, उंदरांपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण कधी एखाद्या जोडीचा सत्कार कराल, तर फेटे दोन आणा. एकच असेल तर घडी करून पेटाऱ्यात राहू द्या. आम्ही फेट्याशिवायच चांगले वाजत होतो.