सोडतीत लागलेला कयाक

एनेइदाला हवा होता फ्रीज. चर्चच्या जत्रेतल्या सोडतीची तिकिटं तिने त्याच आशेने घेतली होती. पण फ्रीज लागला पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीला आणि एनेइदाच्या अंगणात येऊन पडला एक लांबलचक पिवळा कयाक. प्लास्टिकची, एकट्या माणसाने वल्हवायची होडी.

"केळीची साल उचलून आणलीस की काय?" तिचा नवरा एदिल्बेर्तो हसून हसून बेजार झाला. पानामाच्या त्या किनाऱ्यावरचा तो मुरलेला मच्छीमार. स्वतःची मोटारबोट होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोला त्या बोटीवर एकदाही पाय ठेवू दिला नव्हता. बाई चढली की मासा रुसतो, असं त्याच्या बापाने सांगितलं होतं, आणि त्याने ते कधी तपासून पाहिलं नाही. "विकून टाक. नाहीतर डुकरांना पाणी प्यायला ठेव."

विकलाही असता तिने. पण ते हसणं तिच्या डोक्यात बसलं.

तिच्या भावाची मुलगी इत्सेल दर रविवारी कयाकवरून मासे धरायची. एनेइदाच्या सलूनमध्ये ती केस कापून घ्यायला आली, तेव्हा एनेइदाने कात्री थांबवून विचारलं, "मला शिकवशील?"

"शिकवीन की. पण आत्या, आधी पडायला शिकायचं."

"मासे धरायला शिकव म्हटलं मी. पडायला मला शिकवायला नको."

इत्सेल ऐकणारी नव्हती. रविवारी सकाळी, वारा उठायच्या आत, खाडीच्या उथळ पाण्यात तिने आत्याला लाइफ जॅकेट घालून कयाकवर बसवलं आणि सरळ ढकलून दिलं. एनेइदा नाकातोंडात पाणी घेऊन वर आली. आदल्याच दिवशी सेट केलेले केस गालांवर चिकटले होते.

"सटवे! तुझ्या बापाला सांगते थांब!"

"सांग, पण आधी वर चढ. पोट टाक आडवं. पाय मार. आता वळ, बूड टेकव. हां!"

तिसऱ्या-चौथ्या खेपेला एनेइदा कुणी न ढकलता स्वतःच पडली, स्वतःच चढली आणि खदखदून हसली. मग इत्सेलने वल्हं, गळाचा रॉड, पक्कड, सगळं एकेका दोरीने कयाकला बांधून दिलं. "समुद्र उधार घेतो, परत देत नाही. आणि मासा ओढायला लागला की रॉडचं टोक पुढे ठेव. आडवं धरलंस की तो तुला उलटवणार."

पुढचे दोन रविवार एनेइदाच्या हाती शेवाळ आणि एक बूट लागला. एदिल्बेर्तो रोज संध्याकाळी मोठ्या प्रेमाने विचारायचा, "दुसरा बूट कधी मिळणार गं?"

त्यानंतरच्या रविवारी ती इत्सेलबरोबर खडकांच्या कडेने हळूहळू वल्हवत होती. मागे दोऱ्याला खोटा मासा लावून सोडला होता. एकाएकी रॉड कमानीसारखा वाकला आणि त्यावरचं दोऱ्याचं रीळ किंचाळायला लागलं.

"टोक पुढे, आत्या! ओढू नकोस, जाऊ दे त्याला!"

मासा निघाला, आणि त्याच्यामागे कयाक, आणि कयाकवर एनेइदा. वल्हं न मारता ती पाण्यावरून अशी सरकत चालली, की तिला क्षणभर भीती वाटायची राहूनच गेली. वळण घेतलं तर समोर एदिल्बेर्तोची बोट. तो आणि त्याचे दोन जोडीदार जाळं आवरत होते.

"एनेइदा! धर, आलो!" तो ओरडला आणि त्याने मोटारीला हात घातला.

"खबरदार मोटार चालू केलीस तर! माझा दोरा तुटेल!"

तो जागच्या जागी थांबला. जोडीदार जाळं सोडून बघत राहिले. मासा दमला की ती दोरा गुंडाळायची, तो उसळला की सोडायची. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. शेवटी तो कयाकच्या कडेला वर आला. तांबूस, चकचकीत, मांडीएवढा पार्गो मासा. इत्सेलने हातजाळी पुढे केली, पण एनेइदाने ती तिच्याकडून घेतली आणि स्वतःच मासा उचलून मांडीवर घेतला. जोडीदारांनी शिट्ट्या मारल्या.

"बघतोस काय?" ती नवऱ्याला म्हणाली. "टोपी काढ."

त्याने खरंच काढली.

दुपारी तिने तो मासा अख्खा तळला, सोबत हिरव्या केळ्याच्या चकत्या. बहीण, भाऊ, शेजारी, जोडीदार, सगळे जेवायला. एदिल्बेर्तो गुपचूप दोनदा वाढून घेऊन आला. पाहुणे पांगल्यावर तो भांडी विसळायला तिच्याशेजारी उभा राहिला, जे तो सहसा करत नसे. बराच वेळ एकच ताट घासत राहिला.

"तो मासा नक्की कुठे लागला गं तुला?" त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. "खडकाच्या अलीकडे, की पलीकडे?"

एनेइदाने ओला हात उंचावून खिडकीबाहेरच्या अख्ख्या समुद्राकडे दाखवलं.

"तिकडे," ती म्हणाली. "पाण्यात."